मार्गदर्शिका आणि दृक्प्रत्यय : मुक्त स्रोत डेस्कटॉप-प्रणालींच्या साहाय्यलेखनातील अयथार्थता

१. विषयाची मर्यादा

संगणकाची कोणतीही प्रणाली वापरणाऱ्याच्या हाती दोन रूपांनी येते. एक रूप प्रत्यक्ष चालणाऱ्या प्रणालीचे. दुसरे ती कशी चालवावी हे सांगणाऱ्या मजकुराचे. छापील अथवा संगणकावर वाचावयाची मार्गदर्शिका, पडद्यावर उघडणारी साहाय्याची पाने, आज्ञांची संक्षिप्त वर्णने आणि अलीकडे रूढ झालेले ध्वनिचित्रपाठ या सर्वांचा समावेश दुसऱ्या रूपात होतो. या सर्वांस येथे 'साहाय्यलेखन' असे म्हटले आहे. ही दोन रूपे परस्परांशी जुळत असतील तर शिकणाऱ्याची वाट सुकर होते. ती जुळत नसतील तर काय घडते, ती का जुळत नाहीत आणि त्यावर कोणते उपाय संभवतात, एवढाच या लेखाचा विषय आहे.

विवेचन मुक्त स्रोत डेस्कटॉप-प्रणालींपुरते मर्यादित ठेवले आहे. लिबरऑफिस, ग्नोम, उबुंटू यांसारख्या प्रणालींची मूळ संहिता सर्वांस पाहता व बदलता येते. त्यामुळे त्यांच्या साहाय्यलेखनातील दोष झाकून राहत नाहीत. ते केव्हा व कसे उत्पन्न झाले हेही शोधता येते. खाजगी मालकीच्या प्रणालींत असे दोष कमी असतात असा याचा अर्थ नव्हे. तेथे ते तपासण्याचे साधन बाहेरच्या अभ्यासकास मिळत नाही, इतकेच.

२. पंचांगाचा दाखला

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी मराठी विद्याव्यवहारातील एक जुना वाद उपयोगी पडण्यासारखा आहे. गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये 'ग्रहलाघव' हा करणग्रंथ रचला. गणेश व त्यांचे वडील केशव हे दोघेही आकाशाचे वेध घेणारे ज्योतिषी होते, आणि आपल्या काळी त्यांचे गणित आकाशाशी चांगले जुळत होते. पुढे तीनशेहून अधिक वर्षे महाराष्ट्रातील पंचांगे याच ग्रंथावरून होत राहिली. ग्रंथातील एक अक्षरही बदलले नाही. परंतु गतीतील सूक्ष्म फरक वर्षानुवर्षे साठत गेला आणि पंचांगात लिहिलेला ग्रह व आकाशात दिसणारा ग्रह यांत अंतर पडू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या कोष्टकांच्या आधारे पंचांग-सुधारणेचा प्रयत्न केला. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या आपल्या इतिहासात या साऱ्या परंपरेचा साक्षेपी परामर्श घेतला. त्या वादातील कसोटीचा शब्द होता 'दृक्प्रत्यय', म्हणजे गणिताने सांगितलेले डोळ्यांना दिसणाऱ्याशी जुळणे.

या दाखल्यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, अयथार्थ ठरलेला ग्रंथ अज्ञ लेखकाचाच असतो असे नाही. लिहिला तेव्हा तो सर्वस्वी बरोबर असू शकतो. दुसरी ही की, लेखनाचा खरेपणा अक्षरांत नसून अक्षरे व वस्तू यांच्या संबंधात असतो. वस्तू सरकली की न बदललेले अक्षरही खोटे ठरते. आकाशाच्या बाबतीत हे घडावयास तीन शतके लागली. डेस्कटॉप-प्रणालीच्या बाबतीत सहा महिने पुरतात, कारण ग्नोम व लिबरऑफिस या दोहोंची नवी आवृत्ती साधारणतः दर सहा महिन्यांनी निघते.

३. कळफलकाचे स्थलांतर

मराठीत लिहू इच्छिणाऱ्या माणसाला संगणकावर पहिली गोष्ट करावी लागते ती मराठी कळफलक जोडण्याची. हे एकच काम घेऊन ग्नोमच्या इतिहासाकडे पाहिले तर दृक्प्रत्ययाचा प्रश्न स्पष्ट होतो.

२००२ मध्ये सुरू झालेल्या ग्नोमच्या दुसऱ्या मालिकेत कळफलकाची भाषा 'कीबोर्ड' या विभागात निवडावी लागे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी मालिका आली, आणि ही निवड 'रीजन अँड लँग्वेज' या विभागात गेली. मार्च २०२१ मध्ये ग्नोम ४० प्रसिद्ध झाले, तेव्हा ती तेथून हलून पुन्हा 'कीबोर्ड' या विभागात आली. परिणामी २००८ मधील मार्गदर्शिका २०१५ मध्ये चुकीची ठरली आणि २०२२ मध्ये, निदान विभागाच्या नावापुरती, पुन्हा बरोबर ठरली. २०१५ मध्ये काळजीपूर्वक लिहिलेली मार्गदर्शिका मात्र आज चुकीची आहे.

हा केवळ इतिहासाचा भाग नव्हे. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना पाच वर्षे सर्वसाधारण आधार मिळतो, म्हणून अशा दोन आवृत्त्या एकाच वेळी वापरात असतात. उबुंटू २०.०४ मध्ये ही निवड 'रीजन अँड लँग्वेज' येथे होती, तर २२.०४ मध्ये ती 'कीबोर्ड' येथे आहे. एकाच खोलीतील दोन संगणकांवर या दोन आवृत्त्या असतील तर एकच पान शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाला खरे सांगते आणि दुसऱ्याला खोटे. येथे दोष पानाचा म्हणावा तर ते एका जागी बरोबर आहे. प्रणालीचा म्हणावा तर ती आपल्या जागी नीट चालते आहे. उणीव एकाच गोष्टीची आहे : आपण कोणत्या आवृत्तीविषयी बोलत आहोत हे पानाने सांगितलेले नाही.

कळफलकामागील यंत्रणाही अशीच बदलत गेली. अक्षरे जुळवून देणारी 'स्किम' ही प्रणाली पूर्वी प्रचारात होती. २००९ मध्ये फेडोरा व उबुंटू या दोन्ही वितरणांनी तिच्या जागी 'आयबस' घेतली. पुढे २०१२ मधील ग्नोम ३.६ मध्ये आयबस थेट डेस्कटॉपमध्येच गुंफण्यात आली. या प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्याच्या सूचना जागच्या जागी शिल्लक राहिल्या. नवी पाने लिहिली गेली. जुनी पाने कोणी मागे घेतली नाहीत.

४. सूचना बिनचूक, लेखन सदोष

वरील उदाहरणात चुकीची सूचना पाळणाऱ्याला निदान काम झाले नाही हे कळते. याहून घातक प्रकार असा की, सूचना पाळली जाते, पडद्यावर हवे ते दिसते आणि तरीही केलेले काम सदोष राहते. मराठीच्या दोन अक्षरांचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

पहिले अक्षर 'ॲ'. 'ॲसिड', 'ॲल्युमिनियम' यांसारख्या शब्दांत ते येते. युनिकोडमध्ये या स्वराला स्वतंत्र स्थान मिळाले ते एप्रिल २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. तत्पूर्वी 'अ' लिहून त्यावर 'ॅ' हे चिन्ह जोडावे, अशी सूचना देण्यावाचून साहाय्यलेखकाला गत्यंतर नव्हते, आणि त्या काळी ती सूचना योग्यच होती. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने वर्णमालेत 'ॲ' व 'ऑ' या स्वरांना स्थान दिले. आज युनिकोडचे प्रमाण स्पष्टपणे सांगते की, स्वतंत्र अक्षर वापरावे, 'अ' व 'ॅ' यांची जोडणी वापरू नये. परंतु दोन्ही पद्धतींनी लिहिलेले अक्षर डोळ्यांना बहुधा सारखेच दिसते. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन भिन्न लेखने आहेत. जुन्या सूचनेनुसार नोंदविलेला शब्द नव्या पद्धतीने शोधू गेल्यास सापडत नाही; यादी अक्षरानुक्रमाने लावू गेल्यास तो भलत्या जागी पडण्याचा संभव असतो.

दुसरे उदाहरण 'ऱ्य' या जोडाक्षराचे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांतील खोलगट जागा. 'आचार्यास' दिलेला मान वेगळा आणि 'आचाऱ्यास' दिलेला शिधा वेगळा. मराठीला हा भेद अर्थासाठी आवश्यक आहे. युनिकोडच्या नियमांनुसार तो दोन मार्गांनी लिहिता येतो. 'ऱ' हे अक्षर, त्यानंतर हलन्त व नंतर 'य' हा एक मार्ग. साधा 'र', हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह व नंतर 'य' हा दुसरा. तो जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेला आहे. दोहोंचे दृश्य रूप एकच, पण संगणक त्यांना एक मानीत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकावर 'ऱ' साठी स्वतंत्र जागा आहे : 'र' ज्या कळीवर असतो तीच कळ शिफ्टसह दाबली की 'ऱ' मिळतो. पण मार्गदर्शिकेने दोन मार्गांपैकी एकच सांगितला आणि दुसऱ्याचे अस्तित्वच नमूद केले नाही, तर वाचकाला जुळणीचा दोष कधीच उमगत नाही. येथे मार्गदर्शिकेतील एकही विधान असत्य नाही; न सांगितलेल्या गोष्टीमुळे ती अयथार्थ होते.

या दोन अक्षरांवरून हे ध्यानात येते की, दृक्प्रत्ययाची कसोटी येथे शब्दशः लावून भागत नाही. पडद्यावर दिसते त्याच्या मागे काय नोंदले गेले, हेही पाहावे लागते.

५. अयथार्थतेचे प्रकार

साहाय्यलेखनातील दोषांचे सविस्तर वर्गीकरण एमाद अघजानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी ८७८ नोंदी तपासून दोषांचे १६२ प्रकार निश्चित केले. प्रस्तुत विषयापुरते पाच स्थूल वर्ग पुरेसे आहेत.

पहिला वर्ग शिळेपणाचा. वर्णन एके काळी खरे होते, आता राहिले नाही. कळफलकाचे स्थलांतर या वर्गात येते.

दुसरा वर्ग याच्या उलट, म्हणजे पुढे धावण्याचा. मार्गदर्शिका नव्या आवृत्तीची असते आणि वाचकाच्या संगणकावर जुनी आवृत्ती असते. या प्रकाराकडे फारसे लक्ष दिले जात नाही, कारण प्रणाली घडविणाऱ्यांच्या संगणकावर नेहमी नवीच आवृत्ती असते. जुनी यंत्रे दीर्घकाळ वापरणाऱ्या शाळा-महाविद्यालयांत मात्र त्याची गाठ पडणे स्वाभाविक आहे.

तिसरा वर्ग वितरणभेदाचा. मूळ प्रकल्प एक गोष्ट सांगतो आणि वितरण करणारा गट तीत फेरफार करतो. मूळ ग्नोममध्ये आवडत्या प्रणालींची पट्टी एरवी दिसत नाही, ती 'ॲक्टिव्हिटीज' उघडल्यावर दिसते. उबुंटूमध्ये ती पट्टी डाव्या कडेला कायम असते. ग्नोमचे वर्णन ग्नोमपुरते अचूक आहे, परंतु उबुंटू वापरणाऱ्याच्या डोळ्यांपुढील पडद्याचे ते वर्णन नव्हे.

चौथा वर्ग न्यूनतेचा. 'ऱ्य' चे उदाहरण या वर्गातील आहे.

पाचवा वर्ग मूळच्याच चुकीचा, म्हणजे लेखकाने प्रत्यक्ष पडताळा न घेता लिहिल्याचा. सामान्य वाचक प्रत्येक दोष या वर्गात टाकतो. वास्तविक पहिल्या चार वर्गांत लेखकाचा निष्काळजीपणा गृहीत धरण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच केवळ अधिक काळजीपूर्वक लिहिण्याने ते दोष टळतही नाहीत.

६. कारणमीमांसा

प्रणाली बदलते आणि तिचे वर्णन मागे राहते याचे मूळ कारण परीक्षेच्या विषमतेत आहे. संहितेत एक चिन्ह चुकले तरी अनेकदा प्रणाली उभीच राहत नाही. नव्या बदलाने जुने काम बिघडले तर ते दाखविणाऱ्या स्वयंचलित चाचण्या असतात. गद्य वाक्याला असा कोणताही पहारेकरी नाही. असत्य झालेले वाक्य पूर्वीइतकेच शुद्ध, प्रसन्न व खात्रीचे वाटते.

दुसरे कारण श्रमविभागणीचे. बदल करणारी व्यक्ती एक असते आणि वर्णन लिहिणारी दुसरी. पहिलीला बदल ठाऊक असतो, पण त्याविषयी कोणत्या पानावर काय लिहिले आहे हे ठाऊक नसते. दुसरीला पाने ठाऊक असतात, पण बदल ठाऊक नसतो. गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या सर्वेक्षणात ९३ टक्के उत्तरदात्यांनी अपुरे अथवा जुने साहाय्यलेखन ही सर्वत्र आढळणारी अडचण असल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांनी आपण साहाय्यलेखनात क्वचित अथवा कधीच हातभार लावीत नाही असेही सांगितले. अडचण सर्वांस मान्य असून काम मात्र थोड्यांवर पडते, असा याचा अर्थ होतो.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावयास हवा. टिमथी लेथब्रिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, प्रणाली घडविणारे तज्ज्ञ साहाय्यलेखन पुष्कळदा जुने असल्याचे जाणून असतात आणि तरीही त्याचा उपयोग करून घेतात. जुने पान त्यांना दिशा दाखविते. उरलेले ते संहिता वाचून, करून पाहून अथवा सहकाऱ्यांना विचारून भरून काढतात. यावरून जुने लेखन फारसे हानिकारक नाही असा निष्कर्ष कोणी काढील. परंतु तो निष्कर्ष तज्ज्ञापुरताच खरा आहे. तज्ज्ञाजवळ पानाखेरीज अन्य प्रमाणे असतात, म्हणून पानातील दोष त्याला सोसतो. जो पानाचा दोष सोसू शकतो तोच प्रायः प्रणाली घडविणारा असतो. म्हणून दोष निवारण्याची निकड ज्याच्या हाती निवारण आहे त्याला जाणवत नाही. साहाय्यलेखनाच्या प्रश्नाचे मर्म या विसंगतीत आहे.

७. भाषांतराची आणखी एक पायरी

मराठी वाचकाच्या बाबतीत मूळ इंग्रजी लेखन व तो स्वतः यांच्यामध्ये भाषांतराची पायरी असते. मुक्त प्रणालींच्या भाषांतरासाठी ग्नू प्रकल्पाची 'गेटटेक्स्ट' ही पद्धती सर्वाधिक प्रचारात आहे. तीत प्रत्येक इंग्रजी वाक्याच्या अथवा परिच्छेदाच्या समोर त्याचे भाषांतर नोंदलेले असते. मूळ परिच्छेद बदलला की जुन्या भाषांतरावर 'फझी', म्हणजे संदिग्ध, अशी खूण पडते, आणि भाषांतरकार ते पुन्हा पाहीपर्यंत वाचकाला त्या जागी मूळ इंग्रजी परिच्छेदच दाखविला जातो.

तात्त्विक दृष्टीने ही योजना प्रामाणिक आहे. शिळ्या भाषांतराने दिशाभूल करण्यापेक्षा ताजे मूळ दाखविणे ती पसंत करते. परंतु तिचा व्यवहारातील परिणाम असा होतो की, भाषांतरकारांचे हात अपुरे पडले म्हणजे मराठी पान परिच्छेदापरिच्छेदाने इंग्रजीत विरघळत जाते, आणि बदल जेथे झाला, म्हणजे जेथे साहाय्याची गरज सर्वाधिक, नेमके तेच परिच्छेद प्रथम इंग्रजी होतात.

दुसरी अडचण पारिभाषिक शब्दांची. पडद्यावरील नावे आणि साहाय्याची पाने यांची भाषांतरे निरनिराळ्या धारिकांत असतात व ती भिन्न व्यक्ती भिन्न वेळी करतात. एकाच इंग्रजी शब्दासाठी 'संयोजना', 'मांडणी', 'सेटिंग' असे पर्याय मराठीत संभवतात. साहाय्याच्या पानाने 'मांडणी उघडा' असे सांगितले आणि पडद्यावर 'संयोजना' हा शब्द असला, तर दोन्ही भाषांतरे निर्दोष असूनही सूचना निरुपयोगी ठरते. येथे प्रश्न शब्दाच्या सौंदर्याचा अथवा शुद्धतेचा नाही; एकच वस्तू दोन्ही ठिकाणी एकाच नावाने ओळखली जाते की नाही, एवढाच आहे.

८. ओझे कोणावर पडते

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम भागात, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूल हे गाव आहे. डोंगराळ मुलुखातील आसपासच्या पाड्यांचे ते बाजाराचे ठिकाण असून परिसरात कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांची वस्ती आहे. अशा गावातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने आतापर्यंतच्या विवेचनाकडे पाहिले म्हणजे त्यात काय पणास लागले आहे हे उमगते.

ज्याच्या घरची बोली एक, शाळेची भाषा प्रमाण मराठी आणि पडद्याची भाषा इंग्रजी, त्याला मार्गदर्शिकेतील प्रत्येक वाक्य दोनदा ओलांडून यावे लागते. एवढे करून त्याने सूचना पाळली व सांगितलेला विभाग पडद्यावर सापडला नाही, तर त्याच्यापुढे दोन शक्यता असतात : पुस्तक चुकले असेल, अथवा आपण चुकलो असू. प्रणाली वर्षानुवर्षे हाताळलेला माणूस पहिली शक्यता सहज मनात आणतो. नवशिका दुसरीच धरतो. उपकरणाच्या रचनेतील दोषाबद्दल माणसे स्वतःलाच दोषी मानतात, हे निरीक्षण डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये नित्याच्या वस्तूंविषयीच्या आपल्या ग्रंथात मांडले होते. छापील शब्दाला मान देण्याची सवय ज्याला शाळेने लावली आहे, त्याच्या बाबतीत ते अधिकच खरे मानावयास हवे. आपल्याला संगणक जमत नाही, असा ग्रह एकदा झाला म्हणजे तो मार्गदर्शिका सुधारल्याने पुसला जात नाही. कारण सुधारलेली मार्गदर्शिका उघडावयास तो परत येतोच असे नाही.

मुक्त स्रोत प्रणालींचा पुरस्कार करताना त्या विनामूल्य आहेत, जुन्या यंत्रांवरही चालतात आणि स्थानिक भाषेत आणता येतात, ही कारणे दिली जातात. ही तिन्ही कारणे हरसूलसारख्या गावांस विशेषत्वाने लागू पडतात. परंतु अयथार्थ साहाय्यलेखनाचे ओझेही त्याच गावांवर सर्वाधिक पडते. मूल्य पैशाच्या रूपाने न देता वाया गेलेल्या तासांच्या व खचलेल्या उमेदीच्या रूपाने दिले जाते, आणि ते कोणत्याही हिशेबात दिसत नाही.

९. उपायांचे परीक्षण

पहिला व सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे लेखनावर आवृत्तीची व दिनांकाची स्पष्ट नोंद. या बाबतीत आय. आय. टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' या प्रकल्पाचा दाखला उल्लेखनीय आहे. सुमारे दहा मिनिटांचे त्याचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध असून ते शिक्षकाविना एकट्याने शिकता यावे अशा बेताने रचलेले आहेत. पाठाच्या प्रारंभी कोणती कार्यप्रणाली व कोणती आवृत्ती वापरली आहे हे सांगितले जाते. लिबरऑफिसच्या आरंभीच्या पाठांत उबुंटू १०.०४ व लिबरऑफिस ३.३.४ असा उल्लेख आहे. पुढे उबुंटू १८.०४ व लिबरऑफिस ६.३.५ यांवर नवे पाठ तयार झाले. पाठ जुना झाला तरी 'मी अमुक आवृत्तीविषयी बोलत आहे' एवढे सांगून तो खोटा ठरण्यापासून वाचतो. जुने असणे आणि असत्य असणे यांतील भेद या एका वाक्याने टिकतो.

दुसरा उपाय आपल्या उणिवा स्वतःच नोंदविण्याचा. केन टॉमसन व डेनिस रिची यांच्या युनिक्स प्रणालीची ३ नोव्हेंबर १९७१ ची पहिली मार्गदर्शिका या बाबतीत आदर्शवत् आहे. तीत आज्ञांच्या वर्णनाच्या अखेरीस 'बग्ज' असा भाग येतो आणि त्यात ज्ञात दोष मोकळेपणाने सांगितलेले असतात. साहाय्यलेखन म्हणजे प्रणालीची जाहिरात नव्हे, ही भूमिका तेथे दिसते.

तिसरा उपाय लेखनाला चाचणीखाली आणण्याचा. पायथन या भाषेत २००१ पासून 'डॉकटेस्ट' नावाचे साधन आहे. वर्णनात दिलेले उदाहरण ते प्रत्यक्ष चालवून पाहते आणि लिहिलेले उत्तर व आलेले उत्तर जुळले नाही तर तसे कळविते. हा यांत्रिक दृक्प्रत्ययच होय. पडद्यावरील विभाग व बटणे यांच्या वर्णनास हे साधन जसेच्या तसे लागू पडत नाही. तथापि साहाय्याची पाने मूळ संहितेसोबत एकाच भांडारात ठेवणे आणि पडद्यावरील नाव बदलणाऱ्याने त्या नावाचा उल्लेख असलेली पानेही त्याच वेळी पाहणे, हा नियम घालता येतो.

चौथा उपाय संक्षेपाचा. जॉन कॅरल यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले की, शिकणारी माणसे लांब मार्गदर्शिका क्रमाने वाचीत नाहीत. ती थेट कामाला भिडतात, आणि चूक झाल्यावर सावरण्याची माहिती त्यांना फार उपयोगी पडते. आखूड लेखन खरे ठेवणे सोपे असते हा याचा आनुषंगिक लाभ. 'हा विभाग येथे दिसला नाही तर तमुक ठिकाणी पाहावा' असे एक वाक्य जोडल्यास मार्गदर्शिका चुकली तरी वाचक एकाकी पडत नाही, आणि दोष आपलाच आहे असे त्याला वाटण्याचे कारणही उरत नाही.

या सर्वांच्या मुळाशी सुधारणेचा अधिकार आहे. ज्या प्रणालीत कोणासही बदल करता येतो तिची मार्गदर्शिका बदलता येत नसेल, तर तो बदल मार्गदर्शिकेला आपोआप असत्य करतो. म्हणून मुक्त प्रणालीची मार्गदर्शिकाही मुक्त असली पाहिजे, असा युक्तिवाद रिचर्ड स्टॉलमन यांनी केला. २००० मध्ये निघालेला ग्नू साहाय्यलेखन परवाना याच विचारातून आला. मात्र त्या परवान्यात काही भाग अपरिवर्तनीय ठेवण्याची मुभा होती. डेबियन प्रकल्पाने २००६ मध्ये मतदान घेऊन असे ठरविले की, अपरिवर्तनीय भाग नसलेले लेखनच आपल्या व्याख्येनुसार मुक्त मानावयाचे. जे बदलता येत नाही ते खरे ठेवता येत नाही, हे तत्त्व या निर्णयामुळे अधोरेखित झाले.

१०. विद्यापीठीय अभ्यासास वाव

अधिकार असला तरी तो बजावणारे हात हवेत. या बाबतीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांस करता येण्याजोगे काम सुस्पष्ट आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तेथे अनेक हस्तलिखितांचे पाठभेद नोंदून प्राचीनतम पाठाकडे जावयाचे होते. साहाय्यलेखनाच्या चिकित्सेची दिशा उलट, म्हणजे आज चालणाऱ्या वस्तूकडे जाण्याची आहे. परंतु शिस्त तीच. एक मार्गदर्शिका व प्रणालीची एक निश्चित आवृत्ती निवडावी. मार्गदर्शिकेतील पडताळता येण्याजोगी विधाने एकेक सुटी करून त्यांस क्रमांक द्यावेत. नव्याने बसविलेल्या संगणकावर प्रत्येक विधान करून पाहावे, आणि ते खरे, असत्य, अपूर्ण अथवा संदिग्ध यांपैकी कोणत्या प्रकारात पडते हे नोंदवावे. असत्य विधान कोणत्या आवृत्तीपर्यंत खरे होते हे संहितेच्या इतिहासावरून शोधावे आणि दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे पाठवावी. मराठी लेखनाच्या बाबतीत 'ॲ' व 'ऱ्य' यांसारख्या अक्षरांची नोंद पडद्यामागे कोणत्या क्रमाने झाली हेही पाहावे.

या पडताळणीत तज्ज्ञ वाचक पुरेसा नाही, ही गोष्ट सहाव्या भागातील विवेचनावरून ओघाने प्राप्त होते. तज्ज्ञ नकळत चुकीची सूचना मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो आणि दोष त्याच्या नोंदीत येत नाही. प्रणाली प्रथमच हाताळणारा विद्यार्थी जेथे थबकतो ती जागा हा पुरावा होय. हरसूल अथवा तशा अन्य गावांतील विद्यार्थी अशा अभ्यासात साहाय्य मिळविणारे म्हणून नव्हे, तर साक्षीदार म्हणून सहभागी झाले, तर त्यांच्या थबकण्याची नोंद दुरुस्तीच्या रूपाने मूळ ग्रंथात जाईल, आणि पुढच्या वाचकाला त्या जागी थांबावे लागणार नाही.